भ्रष्टाचार उघड करणाऱ्या सरकारी व पालिका कर्मचाऱ्यांचे सूडाच्या कारवाईपासून संरक्षण: ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई महापालिका, सिडको, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय आणि बेलापूर-उरण भागातील केंद्रीय उपक्रम इथे काम करणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर आधी प्रश्न २ वाचा. पुढचे सगळे त्याच्या उत्तरावर ठरते. तक्रार अजून केली नसेल, तर प्रश्न ६ वाचल्याशिवाय करू नका.

१. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांसाठी कायदा झालाय ना? मग घाबरायचं कशाला?

कायदा झाला आहे, पण तो लागू नाही. 'व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट' संसदेने फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर केला आणि ९ मे २०१४ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो अंमलात येण्यासाठी केंद्र सरकारने अधिसूचना काढावी लागते. ती निघालेलीच नाही. २०१५ मध्ये त्यात बदल करणारे विधेयक लोकसभेत मंजूर झाले, पण पुढे सरकले नाही.

हे माहीत असणे फार गरजेचे आहे. तक्रारदारावर झालेली कारवाई सूडाची नाही हे प्रशासनानेच सिद्ध करावे, अशी या कायद्यातली सर्वांत मोलाची तरतूद आहे. कायदा लागू नसल्यामुळे आज हे ओझे तुमच्यावर आहे. बदली, निलंबन किंवा नोटीस तुमच्या तक्रारीमुळेच आली, हे तुम्हाला कागदांवरून दाखवावे लागते. अनेक जण या कायद्याचे कलम अर्जात लिहून निर्धास्त होतात आणि पहिल्याच सुनावणीत तोंडघशी पडतात. त्या कलमावर अर्ज उभा करू नका.

२. मग माझ्यासारख्याला नेमकं काय लागू होतं?

गैरव्यवहार किती मोठा आहे यावर ते ठरत नाही. तुमची नेमणूक कोणी केली आहे, यावर ठरते. एकट्या बेलापूर परिसरात कोकण रेल्वेचे मुख्यालय, कॉटन कॉर्पोरेशन, सिडको भवन, नवी मुंबई महापालिकेचे मुख्यालय आणि विभागीय आयुक्तांचे कोकण भवन आहे. या प्रत्येक ठिकाणच्या कर्मचाऱ्याची वाट वेगळी आहे.

केंद्र सरकार, केंद्रीय सार्वजनिक उपक्रम, राष्ट्रीयीकृत बँका, कोकण रेल्वे, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण: इथल्या गैरव्यवहारासाठी २००४ चा 'पीआयडीपीआय' (PIDPI) ठराव, म्हणजे जनहितासाठी माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा केंद्र सरकारचा ठराव, लागू आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे हत्या झाली, त्यानंतर हा ठराव आला. त्याखालची यंत्रणा म्हणजे केंद्रीय दक्षता आयोग. (प्रश्न ३)

राज्य शासनाचे कर्मचारी, म्हणजे तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय, सार्वजनिक बांधकाम, राज्य आरोग्य सेवा वगैरे: पीआयडीपीआय लागू नाही. तक्रारीसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आणि लोकायुक्त आहेत. सूडाच्या कारवाईविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. (प्रश्न ४ आणि ९)

महापालिका आणि सिडको: तक्रारीची दारे राज्य कर्मचाऱ्यांसारखीच, पण मॅट नाही. सिडको राज्य शासनाच्या मालकीची कंपनी असल्याने तिथेही पीआयडीपीआय चालत नाही. (प्रश्न १०)

जिल्हा परिषद: मॅट नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या शिस्तभंगाच्या आदेशावर अपील कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे आणि त्यानंतर उच्च न्यायालय.

चुकीच्या दारात गेल्याने अर्ज फेटाळला जातो एवढेच नुकसान होत नाही. मधल्या काळात तुमचे नाव सगळ्यांना कळते आणि मुदतही निघून जाते.

३. पीआयडीपीआय तक्रार करायची पद्धत काय? एक पाऊलही चुकायला नको.

तक्रार फक्त टपालानेच. ईमेल किंवा पोर्टलवरून आलेल्या तक्रारीला हे संरक्षण मिळत नाही.

लिफाफा पूर्ण चिकटवून बंद करा. त्यावर इंग्रजी अक्षरांत ठळक 'PIDPI' लिहा आणि पत्ता सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली ११००२३ असा घाला. 'पीआयडीपीआय' लिहायचे राहिले, तर तक्रार साध्या टपालात उघडली जाते आणि गोपनीयतेचा हक्क तिथेच संपतो. लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचे नाव किंवा पत्ता लिहू नका. अशा पत्रासाठी पाठवणाऱ्याच्या नावाचा आग्रह धरू नये, अशी सूचना टपाल खात्याने कार्यालयांना दिलेली आहे. खिडकीवर अडवले तर ती शांतपणे सांगा.

तुमचे नाव व पत्ता आत असलाच पाहिजे, पण तो तक्रारीच्या अगदी सुरुवातीला, अगदी शेवटी किंवा वेगळ्या जोडपत्रात द्या, म्हणजे आयोगाला तो काढून मजकूर पुढे पाठवता येतो. लोक सर्वांत जास्त इथेच चुकतात. नाव वेगळ्या कागदावर असते, पण मजकुरात 'मी १२ तारखेला या देयकावर आक्षेप नोंदवला तेव्हा' असे वाक्य असते. आक्षेप घेणारा एकच माणूस असेल, तर नाव लपवून काय उपयोग? सगळा मजकूर घटना, फाइल क्रमांक, तारीख, रक्कम अशा क्रमाने तृतीय पुरुषात लिहा. तुमच्या एकट्याच्याच हाती असू शकेल असा कागद जोडू नका. त्याचा फाइल क्रमांक आणि पान क्रमांक द्या, आयोग तो स्वतः मागवू शकतो.

काही आठवड्यांनी आयोगाकडून पत्र येते: ही तक्रार तुम्हीच केली का, आणि हीच तक्रार आणखी कुठे केली आहे का? उत्तरासाठी ३० दिवस असतात. उत्तर दिले नाही तर तक्रार या ठरावाखाली राहत नाही. म्हणून पत्ता असा द्या जिथे पत्र तुमच्याच हाती पडेल. कार्यालयाचा पत्ता कधीच देऊ नका. शासकीय वसाहतीत टपाल सामाईक ठिकाणी येत असेल, तर तोही टाळा.

यानंतर आयोगाशी स्वतःहून पत्रव्यवहार करू नका. आयोगही तेच सांगतो, कारण प्रत्येक पत्र म्हणजे ओळख फुटण्याची आणखी एक जागा.

४. मी राज्य शासनात किंवा पालिकेत आहे. तक्रार कुठे करू?

लाच मागितली जात असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री क्रमांक १०६४. ठाण्यात या विभागाचे परिक्षेत्र कार्यालय आहे. सापळ्यासाठी पूर्वमंजुरी लागत नाही.

निविदा, देयके, बांधकाम परवानगी अशा निर्णयांतील गैरव्यवहाराची गोष्ट वेगळी आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ मध्ये आलेल्या कलम १७-अ मुळे, सरकारी कामातील शिफारशी किंवा निर्णयांची चौकशी सुरू करण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यासाठी ३ महिने, आणि कारणे नोंदवून आणखी १ महिना, असा अवधी आहे. मंजुरीचा प्रस्ताव विभागाकडे गेला की तक्रार आली आहे हे विभागाला कळते. त्यामुळे ओळख पटेल अशा वाक्यांबाबत प्रश्न ३ मध्ये सांगितलेली काळजी इथेही तशीच घ्या. नाव गोपनीय ठेवावे अशी विनंती पहिल्याच परिच्छेदात करा. तोंडी सांगणे पुरेसे नाही.

लोकायुक्तांचे कार्यालय मुंबईत मंत्रालयासमोर नवीन प्रशासन भवनात आहे. तिथे आरोपाच्या तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागते, म्हणून कागद पक्के असतील तेव्हाच हा मार्ग धरा. कार्यालयातला अंतर्गत दक्षता विभाग हा तिसरा पर्याय. त्याचा प्रमुख बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेला असेल तर तो उपयोगी ठरतो. तोच अधिकारी तुमच्या वरिष्ठांच्या हाताखाली काम करत असेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: तिथून सुरुवात करू नका.

५. निनावी तक्रार केली तर सगळ्यात सुरक्षित नाही का?

सुरक्षित असेल, पण बहुतेक वेळा परिणामशून्य. निनावी अर्ज साधारणपणे दप्तरी दाखल होतो आणि पीआयडीपीआयखाली तर तो घेतलाच जात नाही. दुसरा तोटा पुढे कळतो. उद्या तुमच्यावर संशय घेऊन कारवाई झाली, तर 'मी तक्रार केली म्हणून' असे म्हणायला तुमच्याकडे तक्रारच नसते.

६. तक्रार करण्याआधी काय तयारी करावी?

प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर आहे. ते पेलायचे तर तारखांचा क्रम लागतो: आधी तुमची सेवा स्वच्छ होती, मग तक्रार झाली, मग कारवाई झाली. यातला पहिला भाग तक्रारीनंतर गोळा करता येत नाही. आस्थापना शाखा दार लावून घेते.

तेव्हा आधी हे हातात घ्या: सेवापुस्तकाची अद्ययावत प्रत, मागील पाच वर्षांचे कार्यमूल्यमापन अहवाल, सध्याच्या नेमणुकीचा आदेश आणि रुजू झाल्याची तारीख, कामाच्या वाटपाचा आदेश, हजेरीचा आणि मंजूर रजांचा तपशील, मिळालेली प्रशंसापत्रे. कामाचे वाटप लेखी नसेल तर साधा अर्ज देऊन मागून घ्या. नंतर 'हे तुमचे काम होते, तुम्ही केले नाही' असा आरोप ठेवणे सर्वांत सोपे असते.

तुमच्याकडे प्रलंबित असलेले प्रत्येक प्रकरण निकाली काढा किंवा ते का अडले आहे याची टिप्पणी ठेवा. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, वैद्यकीय देयके यांत काही चूक असेल तर आधीच दुरुस्त करा आणि जास्त गेलेली रक्कम चलनाने भरा. सूड घेणारा तुमच्या तक्रारीच्या विषयावर हल्ला करत नाही. तो तुमच्या जुन्या प्रवास देयकात चूक शोधतो.

गैरव्यवहाराचा तपशील वेगळ्या वहीत लिहा: फाइल क्रमांक, टिप्पणीचे पान, आवक-जावक क्रमांक, मोजमाप पुस्तकाचा क्रमांक व पान, देयकाचा क्रमांक, रक्कम, कोणाची सही, कोणत्या तारखेला. ही वही घरी ठेवा. आणि तक्रार दिल्यावर पोच किंवा स्पीड पोस्टची पावती जपा. पुढच्या प्रत्येक अर्जात तीच तारीख पुढे करायची आहे.

७. फाइलचे फोटो काढले तर चोरीचा गुन्हा लागेल का? मूळ कागद नेऊ का?

मूळ कागद कार्यालयाबाहेर नेऊ नका, एक पानसुद्धा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली अभिलेख नियमबाह्य बाहेर नेणे किंवा नष्ट करणे यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तुमच्या तक्रारीचा विषय बाजूला पडून 'फाइल गहाळ' हेच प्रकरण उभे राहते.

फोटोंबाबत फरक असा की, तुमच्या कामाच्या ओघात तुमच्या टेबलावर आलेल्या कागदाची नोंद ठेवणे आणि दुसऱ्याच्या कपाटातली फाइल उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी करूच नका. पहिल्यातही शक्यतो क्रमांक टिपून घ्या, कागद मागवणे तपास यंत्रणेवर सोडा. गोपनीय शिक्का असलेल्या कागदाला हात लावण्याआधी वकिलाला विचारा, कारण शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अजून जिवंत आहे.

ध्वनिमुद्रण किंवा फोटो पुरावा म्हणून द्यायचा असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. मूळ फाइल ज्या फोनवर तयार झाली त्यावरच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून मूळ पुसून टाकणाऱ्यांचा पुरावा पुढे कमकुवत ठरतो: फाइल दाबली जाते, तिच्यातली मूळ तारीख-वेळ निघून जाते.

८. पत्रकाराला सांगितलं तर लवकर न्याय मिळेल का?

नोकरीत असताना हा पहिला मार्ग ठेवू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये अनधिकृतपणे माहिती देणे आणि शासनावर जाहीर टीका करणे यांना मनाई आहे. बातमी छापून आली की विभागाला तुमच्यावर ठेवायला एक तयार आरोप मिळतो आणि तो खरा असतो. याउलट, कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडे केलेली तक्रार ही माहिती 'फोडणे' नव्हे. कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकणे हेही जाहीर करण्यासारखेच आहे. गटातला एक स्क्रीनशॉट पुरतो. शिवाय तीच माहिती दुसरीकडे उघड केली असेल तर पीआयडीपीआयचे संरक्षण हातचे जाते.

९. तक्रार केल्यावर महिन्याभरात बदली झाली. थांबवता येईल का? (राज्य शासनाचे कर्मचारी)

बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमामुळे इथे तुमची बाजू चांगली भक्कम असू शकते. एका पदावर साधारण ३ वर्षांचा पदावधी आहे आणि बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात, वर्षातून एकदा व्हाव्यात असा नियम आहे. गट-क च्या मंत्रालयाबाहेरील कर्मचाऱ्यांना एकाच कार्यालयात दोन पूर्ण पदावधी मिळू शकतात. मुदतीआधी बदली करायची तर कलम ४(५) प्रमाणे लेखी कारणे आणि बदली करणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. 'प्रशासकीय कारणास्तव' एवढ्या दोन शब्दांनी हे भागत नाही. शिवाय टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणातील २०१३ च्या निकालानंतर राज्यात नागरी सेवा मंडळे नेमली गेली, त्यांच्या बैठकीत तुमचे प्रकरण गेले होते का हेही पाहायचे.

सोमेश तिवारी प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की शिक्षेऐवजी केलेली बदली टिकत नाही. तुमच्याविरुद्ध 'तक्रारी आल्या' म्हणून बदली झाली असेल तर हा निकाल थेट कामाचा आहे.

वेळ मात्र हाताशी फार थोडा असतो. आदेश मिळाला त्याच दिवशी बदली प्राधिकाऱ्याला लेखी निवेदन द्या आणि कार्यमुक्त होण्याआधी मॅटच्या मुंबई खंडपीठात अर्ज दाखल करा. तुम्ही कार्यमुक्त झालात आणि तुमच्या जागी दुसरा रुजू झाला, की अंतरिम स्थगिती मिळणे खूप अवघड होते. कायद्यात मुदत एक वर्ष आहे, पण बदलीच्या प्रकरणात तिच्यावर विसंबू नका. रजेवर जाऊन आदेश 'टाळणे' हा उपाय नाही, त्यातून गैरहजेरीचा नवा आरोप तयार होतो. बदलीची टिप्पणी आणि मंडळाचे इतिवृत्त माहिती अधिकारात लगेच मागवा (प्रश्न १७).

१०. मी महापालिकेत आहे. बदली एका प्रभाग समितीतून दुसरीत केली. मॅट नाही, मग काय?

बदल्यांच्या अधिनियमातील पदावधीचे संरक्षण पालिकेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना थेट मिळत नाही. प्रतिनियुक्तीवर आलेले राज्य सेवेतील अधिकारी मात्र त्यांच्या मूळ संवर्गाप्रमाणे मॅटमध्ये जाऊ शकतात.

तुम्ही कामगार या व्याख्येत बसत असाल, म्हणजे प्रामुख्याने लिपिक, तांत्रिक किंवा अंगमेहनतीचे काम करणारे, तर १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा आहे. ठाण्याच्या औद्योगिक न्यायालयात ९० दिवसांत तक्रार करता येते. नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, म्हणून अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा हे कामगार कायद्याच्या वकिलाकडून त्याच आठवड्यात ठरवून घ्या. पर्यवेक्षकीय व अधिकारी पदांसाठी उच्च न्यायालयात रिट हाच रस्ता.

एकाच शहरातली बदली न्यायालये सहसा रद्द करत नाहीत. दुष्ट हेतू दाखवायचा तर तक्रारीची तारीख, आदेशाची तारीख आणि त्याच काळात बाकी कोणाचीच बदली झाली नाही, हे तिन्ही मांडा. ज्याच्यावर दुष्ट हेतूचा आरोप करता त्याला नावाने प्रतिवादी करावे लागते. हे राहिल्याने चांगली प्रकरणे हातची गेली आहेत.

११. निलंबित केलं. किती दिवस घरी बसवू शकतात? पगाराचं काय?

अजय कुमार चौधरी निकालाप्रमाणे (२०१५) ३ महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. राज्य शासनाने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने हे स्वीकारले आहे. नव्वदावा दिवस उलटताच पुनःस्थापनेचा अर्ज द्या, त्यात दोन्हींचा उल्लेख करा.

राज्य कर्मचाऱ्यांना पहिले ३ महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. त्यानंतर लांबण तुमच्यामुळे नसेल तर निर्वाह भत्त्यात त्याच्या ५० टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. ही वाढ आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. दर महिन्याला अन्यत्र नोकरी करत नसल्याचे प्रमाणपत्र द्या आणि मुख्यालय परवानगीशिवाय सोडू नका. गणपतीला दोन दिवस गावी जायचे असले तरी लेखी परवानगी घ्या.

१२. कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात 'हा सूड आहे' असं लिहू का?

लिहा, पण शेवटी आणि दोन ओळींत: अमुक तारखेला तक्रार केली, त्यानंतर ही नोटीस आली. त्याआधी प्रत्येक मुद्द्याला कागदासह उत्तर द्या. पान भर संताप आणि मुद्द्याला उत्तर नाही, असे झाले की 'खुलासा असमाधानकारक' हा शेरा ठरलेला. तक्रार गोपनीय यंत्रणेकडे केली असेल आणि ती तुमची आहे हे अजून कोणाला माहीत नसेल, तर मात्र उत्तरात तिचा उल्लेखही करू नका.

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ च्या नियम ८ खाली मोठ्या शिक्षेची विभागीय चौकशी सुरू झाली तर दोषारोपपत्रासोबतची चारही जोडपत्रे आली आहेत का पाहा. कागदपत्रांची पाहणी लेखी मागा आणि बचाव सहायक नेमा. प्रेमनाथ बाली प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने चौकशी शक्यतो ६ महिन्यांत, फार तर वर्षभरात संपवावी असे म्हटले आहे.

१३. गोपनीय अहवाल एकदम खाली आणला.

देव दत्त निकालाप्रमाणे (२००८) प्रत्येक शेरा, अगदी 'चांगला' हासुद्धा, तुम्हाला कळवायला हवा. कळवलेला नसेल तर तो पदोन्नतीसाठी वापरण्यावर हरकत घ्या. आधीच्या पाच वर्षांच्या प्रती (प्रश्न ६) समोर ठेवून पुनर्विलोकनाची मागणी करा. त्याच वर्षात समज किंवा ज्ञापन एकही नसताना श्रेणी दोन पायऱ्या खाली आली, ही गोष्ट स्वतःच बोलकी असते.

१४. मी ठेकेदारामार्फत कंत्राटी आहे. करार वाढवलाच नाही.

सर्वांत कमी संरक्षण इथे आहे, आणि पालिकांचे बरेचसे काम आज अशाच लोकांच्या अंगावर आहे. करार न वाढवणे ही शिक्षा मानली जात नाही, त्यामुळे विभागीय चौकशीचे नियम लागत नाहीत. म्हणून कंत्राटी कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने पहिली तक्रार करण्याआधी युनियन किंवा बाहेरचा नागरिक पुढे होऊ शकतो का, हे पाहावे. करार मुदतीच्या मध्येच तोडला असेल किंवा तुम्ही कामगार असाल तर प्रश्न १० मधला मार्ग खुला राहतो. वेतनचिठ्ठ्या, ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि हजेरीचे फोटो जपा. ठेकेदार 'हा आमचा माणूसच नव्हता' असे म्हणतो.

१५. धमक्या येताहेत. पोलीस संरक्षण मिळतं का?

तातडीचा धोका असेल तर ११२. त्यानंतर लेखी तक्रार द्या. जिवे मारण्याची धमकी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(३) खाली येते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. तुम्ही कळव्यात राहता आणि धमकी वाशीत मिळाली, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. ठाणे आणि नवी मुंबई ही वेगळी आयुक्तालये आहेत, या कारणावरून परत पाठवू नये.

गुन्हा दाखल असून तुम्ही साक्षीदार असाल तर साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ लागू होते. महेंदर चावला निकालाने ती देशभर बंधनकारक झाली. जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. पोलिसांनी धोक्याचा अहवाल ५ कामकाजी दिवसांत द्यायचा असतो आणि तातडी असेल तर तोवर अंतरिम संरक्षण मागता येते. संरक्षण एका वेळी ३ महिन्यांपर्यंत असते. अर्जात 'मला धोका आहे' एवढेच लिहू नका: कोणत्या क्रमांकावरून, किती वाजता, कोणते शब्द, गाडीचा क्रमांक, सोबत कोण होते.

१६. माझं काम अडकलं होतं म्हणून मी लाच दिली. आता तक्रार केली तर मीच अडकेन?

२०१८ च्या दुरुस्तीने लाच देणेही गुन्हा झाले. पण देण्यास भाग पाडले गेले असेल आणि तुम्ही ७ दिवसांत तपास यंत्रणेला कळवले तर तुम्ही आरोपी होत नाही. देण्याआधीच १०६४ वर कळवून सापळ्यात पैसे दिले, तरी गुन्हा होत नाही. आठवा दिवस उजाडू देऊ नका.

सापळ्यात आधी पडताळणी होते: पंचासमोर, ध्वनिमुद्रकासह, लाच खरोखर मागितली जाते का हे पाहिले जाते. मगच नोटांना पावडर लावून त्या दिल्या जातात. सापळ्यात तुमची ओळख लपत नाही, तुम्ही मुख्य साक्षीदार असता. नंतर तुमचे कायदेशीर काम मुद्दाम अडवले गेले तर त्याच विभागाला लेखी कळवा.

१७. माहिती अधिकारातून कोणी माझं नाव मागितलं तर?

कायद्याच्या कलम ८(१)(छ) खाली, जी माहिती उघड केल्याने कोणाच्या जिवाला धोका होईल किंवा कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत कळेल, ती नाकारता येते. प्रश्न ४ मध्ये सांगितलेली लेखी विनंती इथे उपयोगी पडते: ती असेल तर जनमाहिती अधिकाऱ्याला हे कलम लावायला आधार मिळतो.

तुम्ही स्वतः अर्ज करणार असाल तर शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, जीवित-स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. दुसरे अपील कोकण भवनातील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, ९० दिवसांत. नोव्हेंबर २०२५ पासून इतरांच्या वैयक्तिक माहितीची सूट कडक झाली आहे, म्हणून दुसऱ्या कर्मचाऱ्याची माहिती न मागता निर्णयाची टिप्पणी मागा. आणि तक्रारीच्या आधी त्याच फाइलचा माहिती अर्ज स्वतःच्या नावाने टाकू नका, सगळे सावध होतात.

१८. 'आपले सरकार' पोर्टलवर टाकली तर चालेल का?

रस्ता, पाणी, दाखला यासाठी उत्तम. गैरव्यवहारासाठी नाही. तक्रार नावासह संबंधित विभागाकडेच उत्तरासाठी जाते.

१९. साहेबांनी बदनामीच्या खटल्याची नोटीस पाठवली आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ला अपवाद आहेत. त्यांतला आठवा असा: कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेला आरोप बदनामी ठरत नाही. तुम्ही फक्त यंत्रणेकडेच तक्रार केली असेल तर हा अपवाद ढालीसारखा उभा राहतो. गटात किंवा फेसबुकवर टाकली असेल तर त्याचा आधार घेणे कठीण. जाणूनबुजून खोटी माहिती देणे मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणून ऐकीव गोष्ट 'असे समजते' म्हणूनच लिहा, पाहिलेली म्हणून नाही.

२०. त्या देयकावर माझीही सही आहे. आता बोलायची सोय आहे का?

आहे, पण आधी वकील, मग तक्रार. दबावाखाली सही केली असेल आणि त्याच वेळी टिप्पणीत आक्षेप नोंदवला असेल, तर तुमची बाजू वेगळी ठरते. आक्षेप नसेल तर तुम्ही सहआरोपी होऊ शकता. पूर्ण आणि खरी हकीकत सांगण्याच्या अटीवर माफी देण्याचा अधिकार भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ५(२) खाली विशेष न्यायाधीशांना आहे. काही लपवले तर ती माफी जाते. आता जुन्या तारखेची टिप्पणी घुसवण्याचा मोह कितीही झाला तरी करू नका. ई-ऑफिसमध्ये प्रत्येक बदलाची वेळ नोंदलेली असते आणि तोवर नसलेला बनावट कागदाचा गुन्हा तुमच्या नावावर चढतो.

२१. निवृत्तीला सहा महिने आहेत. नंतर तक्रार केली तर पेन्शन अडवतील?

निवृत्तीनंतर वर्तणूक नियमांचा आणि बदलीचा धाक राहत नाही, हे खरे. पण निवृत्तिवेतन नियम, १९८२ च्या नियम २७ खाली विभागीय कार्यवाही सुरू होऊ शकते. ती सुरू करण्याच्या तारखेआधी ४ वर्षांहून जुन्या घटनेसाठी मात्र नाही. म्हणून ना-देय प्रमाणपत्र, ना-चौकशी प्रमाणपत्र आणि पेन्शनची कागदपत्रे आधी पूर्ण करून घ्या. गैरव्यवहार चालूच असेल आणि रोज पैसा जात असेल, तर सहा महिने थांबणे योग्य नाही. तेव्हा गोपनीय मार्ग धरा.

२२. पीआयडीपीआय केली तरी माझं नाव फुटलं. आता?

लगेच दक्षता आयोगाकडे अर्ज करा: नाव कोणत्या तारखेला, कोणाकडून, कोणत्या कागदातून कळले. तक्रारीमुळे छळ होत असेल तर त्यावर दाद मागण्याची सोय ठरावातच आहे आणि आयोग संबंधित प्राधिकाऱ्याला निर्देश देऊ शकतो. त्याचबरोबर केंद्रीय कर्मचाऱ्यांनी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाची मुदत, म्हणजे आदेशापासून एक वर्ष, चालू आहे हे लक्षात ठेवावे. आयोगाच्या उत्तराची वाट पाहण्यात ती संपू देऊ नये.

२३. वकिलाचे पैसे कुठून आणू?

ठाणे जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. मॅटच्या अर्जाचे शुल्क केवळ ५० रुपये आहे. पहिल्या भेटीला तीन कागद घेऊन जा: तक्रारीची पोच, ज्याविरुद्ध दाद मागायची तो आदेश आणि सेवापुस्तकाची प्रत.